आई-बाबा नागपुरात, नोकरी अमेरिकेच्या संरक्षण क्षेत्रात: सिक्युरिटी क्लिअरन्समध्ये नाती कशी तपासली जातात

नागपुरातून इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलेली, तिथेच स्थिरावून नागरिकत्व घेतलेली मुलं-मुली आता अशा कंपन्यांमध्ये पोहोचली आहेत जिथे नोकरीच्या पत्रात एक अट असते: सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, मिळाली पाहिजे. मग एका रविवारी त्रिमूर्तीनगरात किंवा मानेवाड्यात फोन येतो. आईची खरी जन्मतारीख काय, बाबा नेमके कोणत्या खात्यातून निवृत्त झाले, काटोलच्या शेताच्या सातबाऱ्यावर माझं नाव चढलंय का? घरच्यांना काळजी वाटू लागते की आपल्यामुळे पोराची नोकरी जाते की काय.

आईवडील भारतात आहेत एवढ्याच कारणावरून क्लिअरन्स नाकारली जात नाही. अडचण येते ती अर्धवट माहितीमुळे, विसरलेल्या खात्यामुळे आणि 'हे कशाला सांगायचं' म्हणून गाळलेल्या ओळीमुळे. यातली बरीचशी माहिती अमेरिकेत नसते, ती नागपुरातल्या घरी, कपाटातल्या फाइलीत असते. म्हणून हा लेख मुलांइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

आधी प्रक्रिया थोडक्यात. क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. ज्या सरकारी खात्याला किंवा मान्यताप्राप्त कंपनीला तुमची गरज आहे, तीच प्रक्रिया सुरू करते. कंपनीत हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर म्हणतात, बोलताना सगळे एफएसओ म्हणतात. क्लिअरन्स फक्त अमेरिकी नागरिकाला मिळते. ग्रीन कार्डवर मिळत नाही, अगदी अपवादात्मक परिस्थितीत मर्यादित प्रवेश तेवढा देता येतो. कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट असे तीन स्तर आहेत. फॉर्म एकच, एसएफ-८६, तो ऑनलाइन भरायचा असतो. तपासाचा खर्च सरकार करतं, उमेदवाराला किंवा त्याच्या घरच्यांना एक रुपयाही लागत नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचं काम पडणार आहे.

कोणतं नातं कोणत्या रकान्यात

एसएफ-८६ मधला अठरावा विभाग नातेवाइकांचा. त्यात आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण, मुलं, सासू, सासरे, सावत्र आणि दत्तक नाती, पालकत्व घेतलेली व्यक्ती, सगळे येतात. निधन झालेले आईवडीलही लिहावे लागतात, फक्त हयात नसल्याची नोंद करायची. नवरा किंवा बायको सतराव्या विभागात जातात.

आपल्याकडे खरा गोंधळ होतो तो त्यापुढच्या नात्यांत. काका, मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबा, चुलत-मामे भावंडं, वहिनी, साळा, मेहुणा यांना अठराव्या विभागात जागा नाही. म्हणून त्यांना सोडून द्यायचं असं मात्र नाही. एकोणिसावा विभाग विचारतो की गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा जवळचा किंवा सततचा संबंध आहे, ज्यांच्याशी प्रेम, प्रभाव, समान हितसंबंध किंवा बांधिलकी आहे, असे परदेशी नागरिक कोण. ज्या मामाकडे राहून अकरावी-बारावी केली आणि ज्याला आजही दर आठवड्याला फोन होतो, तो इथे येणार. लग्नात भेटलेला आणि फॅमिली ग्रुपवर 'गुड मॉर्निंग' टाकणारा दूरचा चुलतभाऊ येणार नाही. पन्नास जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे पन्नास नावं लिहावी लागत नाहीत. आमच्या मते साधी कसोटी अशी: उद्या या माणसाला दवाखान्यात भरती केलं तर तुम्ही पैसे पाठवाल का, किंवा त्याने गळ घातली तर नाही म्हणणं तुम्हाला जड जाईल का? उत्तर हो असेल तर नाव लिहा. आणि हे फक्त नातेवाइकांपुरतं नाही. व्हीएनआयटीच्या वसतिगृहातला जिवलग मित्र भारतातच असेल आणि बोलणं सुरू असेल, तर तोही इथेच येतो.

भारतात राहणाऱ्या भारतीय नातेवाइकाबद्दल फॉर्म पुढचं विचारतो: पूर्ण नाव, आधीची नावं, जन्मतारीख, जन्मस्थान, पत्ता, संपर्क केव्हापासून, शेवटचा केव्हा, कशाने होतो, किती वेळा होतो, सध्याची किंवा शेवटची नोकरी कुठे, मालकाचा पत्ता काय, आणि त्या व्यक्तीचा परदेशी सरकार, सैन्य, सुरक्षा यंत्रणा, संरक्षण उद्योग किंवा गुप्तचर संस्थेशी संबंध आहे का. 'परदेशी सरकार' म्हणजे इथे आपलं भारत सरकार, महाराष्ट्र शासन, जिल्हा परिषदसुद्धा.

संपर्काची वारंवारता लिहिताना हात आखडता घेऊ नका. रोज व्हिडिओ कॉल होत असेल तर 'रोज' हेच उत्तर. 'महिन्यातून एकदा' लिहिल्याने नातं कमी धोक्याचं दिसेल असा समज चुकीचा आहे. आईशी रोज बोलणारा मुलगा ही तपासनीसाला खटकणारी गोष्ट नाही. खटकतं ते फॉर्मवरचं 'महिन्यातून एकदा' आणि मुलाखतीत सहज निघून गेलेलं 'काल रात्रीच बोललो' यांतलं अंतर.

आईची दोन नावं आणि १ जूनचा वाढदिवस

हा भाग सर्वात जास्त वेळ खातो. आपल्याकडे लग्नानंतर अनेक घरांत आडनावाबरोबर मुलीचं पहिलं नावही बदलत असे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसऱ्याच स्पेलिंगचं. फॉर्ममध्ये आधीच्या नावांसाठी वेगळी जागा आहे, कधीपासून कधीपर्यंत ते नाव होतं आणि का बदललं, हेही विचारतात. तिथे माहेरचं पूर्ण नाव, लग्नाचं वर्ष आणि 'विवाह' हे कारण लिहायचं. आईचं पासपोर्टवरचं नाव मुख्य धरा आणि बाकीची सगळी रूपं 'इतर नावां'त टाका.

जन्मतारखेचंही तसंच. जुन्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेला असतो आणि घरात मात्र तिथीने दुसराच दिवस पाळतात. कागदोपत्री जी तारीख आहे, तीच लिहायची, कारण पासपोर्ट, आधार, पेन्शन सगळीकडे तीच आहे. जिथे कागदच नाही, तिथे तारीख अंदाजे असल्याची खूण करण्याची सोय फॉर्ममध्ये असते, आणि शेवटी टिप्पणीची जागाही असते. तिथे एका वाक्यात कारण लिहिलं की प्रश्न मिटतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी नागपूर मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे काहींच्या जुन्या दाखल्यावर तसं लिहिलेलं आढळतं. त्याने बिचकू नका. शहर नागपूर आणि देश भारत, एवढंच लागतं.

पत्ता लिहिताना 'हनुमान मंदिराच्या मागे' ठीक आहे, पण प्लॉट नंबर, लेआउटचं नाव आणि पिनकोड हवेतच. घरच्यांनी प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान करून, पासपोर्ट किंवा आधारच्या स्पेलिंगप्रमाणे ही माहिती एकदाच लिहून पाठवली तर मुलाचे कित्येक रात्रींचे फोन वाचतील.

बाबांची सरकारी नोकरी

नागपुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त घरांना लागू पडतो. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे आहे. कामठीत छावणी आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, भंडारा आणि चांदा इथल्या निर्माण्या फार दूर नाहीत, पुलगावला दारूगोळ्याचं केंद्रीय भांडार आहे. शिवाय वेकोलि, मॉइल, नीरी, भारतीय खाण ब्यूरो, स्फोटकांचे परवाने देणारी पेसो, रेल्वेची दोन विभागीय कार्यालयं, विद्यापीठ, महावितरण. ज्या घरात एकही सरकारी किंवा निमसरकारी नोकर नाही, असं घर शोधावं लागेल.

समजा आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि बाबा अंबाझरी निर्माणीतून चार्जमन म्हणून. आईसाठी शेवटचा मालक 'जिल्हा परिषद, नागपूर', संबंध 'स्थानिक शासन संस्था, प्राथमिक शिक्षिका, अमुक वर्षी निवृत्त, आता फक्त निवृत्तिवेतन'. बाबांसाठी थोडं नीट लिहावं लागेल. ते निवृत्त झाले तेव्हा निर्माणी आयुध निर्माणी मंडळाखाली होती. १ ऑक्टोबर २०२१ ला ते मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, अंबाझरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि भंडारा-चांदा म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या. त्यामुळे निवृत्तीच्या वेळचं नाव लिहून, आजचं नाव टिप्पणीत द्यायचं. पद, कामाचं स्वरूप एका ओळीत, निवृत्तीचं वर्ष, पेन्शन कोण देतं आणि जुन्या कार्यालयाशी आता काही संबंध आहे का, एवढं पुरतं. संबंध संरक्षण उद्योगाशी आहे हे स्पष्ट 'हो' म्हणून नोंदवायचं. 'साधा कामगारच होता, काय लिहायचं' असा विचार करून 'नाही' लिहिणं ही आम्हाला दिसणारी सर्वात महाग पडणारी चूक आहे.

भाऊ बाजारगावकडच्या एखाद्या खासगी स्फोटकांच्या कारखान्यात असेल तरी तेच. प्रश्नात 'संरक्षण उद्योग' असा शब्द आहे, सरकारी की खासगी असा भेद नाही.

तपासणाऱ्यांना हे कशासाठी हवं असतं? नातेवाईक सरकारवर किती अवलंबून आहे, त्याच्यावर कोणी दबाव आणू शकेल का, आणि तो दबाव मुलापर्यंत पोहोचेल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेली शिक्षिका आणि सध्या लष्करी गुप्तवार्ता विभागात असलेला सख्खा भाऊ, दोन्ही उत्तरं 'हो' असली तरी त्यांचं वजन सारखं नाही.

तराजूत काय काय टाकतात

निकष लिहिलेले आहेत आणि कुणालाही वाचता येतात. 'सीड-४' नावाच्या अमेरिकी सरकारच्या निर्देशात तेरा मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती ८ जून २०१७ पासून लागू आहेत. परदेशी नात्यांचं तत्त्व म्हणजे 'बी', परकीय प्रभाव. 'सी' हे परदेशाला प्राधान्य देण्याबद्दल, 'ई' वैयक्तिक वर्तनाबद्दल, म्हणजे मुख्यतः खरं बोलण्याबद्दल, आणि 'एफ' आर्थिक व्यवहारांबद्दल. आपल्या लोकांची फाइल सहसा या चारांतच फिरते.

'बी'मधला कळीचा शब्द आहे वाढीव धोका. परदेशी नातेवाईक असणं पुरेसं नाही, त्या नात्यामुळे पिळवणूक, आमिष किंवा दडपणाचा धोका नेहमीपेक्षा जास्त निर्माण होतो का, हे पाहतात. त्यात देश कोणता हे येतंच. वादात गेलेल्या प्रकरणांत निर्णय देणारे न्यायाधीश भारताबद्दल दोन्ही बाजू नोंदवतात: भारत लोकशाही देश आहे आणि अमेरिकेचा सामरिक भागीदार आहे, पण तिथे दहशतवादी कारवाया होतात, आणि निर्यात-बंदी असलेलं अमेरिकी तंत्रज्ञान बेकायदा मिळवण्याची प्रकरणंही झाली आहेत. पूर्व विदर्भातल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भारतविषयक प्रवास-सूचनांमध्ये नक्षल प्रभावाच्या संदर्भात पूर्व महाराष्ट्राचा उल्लेख येत आला आहे. आईवडील गडचिरोलीकडे राहत असतील तर हा प्रश्न मुलाखतीत निघू शकतो. ते कोणत्या गावात राहतात, त्यांना कधी काही त्रास झाला का, याचं सरळ उत्तर तयार असावं.

दुसऱ्या पारड्यात धोका कमी करणाऱ्या गोष्टी. नात्याचं स्वरूप आणि नातेवाइकाचं काम असं आहे का, की मुलाला दोघांपैकी एकाची निवड करण्याची वेळ येणंच संभवत नाही? अमेरिकेत त्याची मुळं इतकी खोल आहेत का, की वेळ आलीच तर तो अमेरिकेच्या बाजूने उभा राहील? संपर्क तुरळक आणि औपचारिक आहे का? नियमाप्रमाणे कळवायच्या गोष्टी त्याने वेळेवर कळवल्या का? परदेशातली मालमत्ता इतकी किरकोळ आहे का, की तिच्यासाठी कुणी त्याला वाकवू शकणार नाही?

यात एक गैरसमज फार आढळतो. मुलं सांगू पाहतात की आईवडिलांशी संबंध तुरळक आहे. सख्ख्या आईवडिलांच्या बाबतीत हा मुद्दा जवळजवळ टिकत नाही, कारण अशी नाती तुरळक नसतात असंच गृहीत धरलं जातं. सासू-सासऱ्यांच्या बाबतीतही बायकोमुळे जिव्हाळा आहे असं मानतात. म्हणून प्रेम कमी दाखवण्याच्या नादी लागू नये. अमेरिकेतली मुळं दाखवावीत: किती वर्षं तिथे राहतो, घर, मुलांची शाळा, कर भरल्याची विवरणं, मतदान, शेजारपाजारची कामं, नोकरीतली वर्षं आणि वरिष्ठांची पत्रं. एवढं सगळं मांडूनही शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवायची, असा नियम आहे. क्लिअरन्स हा कुणाचाही हक्क नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ईगन खटल्यात सांगून ठेवलं आहे. त्यामुळे सिद्ध करण्याचं ओझं उमेदवारावर असतं.

सातबारा, जॉइंट खातं आणि पाठवलेले पैसे

विसाव्या विभागाचा पहिला भाग परदेशातल्या आर्थिक हितसंबंधांचा. इथे नागपूरच्या घरात कुणाच्या लक्षातही नसलेल्या गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे शेती. आजोबा गेले, वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आणि सातबाऱ्यावर नातवंडांचीही नावं चढली. अमेरिकेतल्या मुलाला पत्ताच नसतो. मुलींच्या बाबतीत तर हे हमखास होतं, वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांचा हक्क असल्याने वारसांत नाव येतंच. परदेशी नागरिक झालेल्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने ती मिळू शकते. म्हणून फॉर्म भरण्याआधी महाभूलेखवर गट क्रमांक टाकून सातबारा आणि आठ-अ दोन्ही काढून पाहावेत. नाव असेल तर हिस्सा, गाव, अंदाजे किंमत लिहावी. भावाच्या नावे हक्कसोडपत्र करायचं ठरलं असेल तर ते नोंदणीकृत असावं आणि त्यानंतर फेरफार होऊन नाव कमी झालेलं असावं. घरातल्या घरात 'सोडून दिलं' असं म्हटल्याने काही होत नाही. घाईघाईने, फक्त फॉर्मसाठी नाव काढणंही शहाणपणाचं नाही. तपासात मालकी 'कधी होती का' हेच विचारतात, शिवाय पुढे मालमत्ता मिळण्याची अपेक्षा आहे का हेही विचारतात. बेसा रोडवरचा फ्लॅट बाबांच्या नंतर आपल्याकडे येणार हे माहीत असेल तर तेही लिहायचं.

दुसरी गोष्ट खाती. शिकायला जाण्याआधी उघडलेलं बचत खातं, जे परदेशी गेल्यावर एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करायला हवं होतं आणि झालं नाही. जुनं पीपीएफ. आईसोबतचं जॉइंट खातं, ज्यात मुलाचं नाव केवळ सोयीसाठी 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने टाकलेलं असतं. मुलगा ते खातं वापरत नसला तरी सही चालते म्हणजे ते त्याचंच. केवळ नॉमिनी असणं मात्र वेगळं, ती मालकी नाही.

इथून अमेरिकेचा करकायदा सुरू होतो. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं विवरण भरावं लागतं. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. आई-बाबांच्या निवृत्तीच्या रकमेची एफडी जॉइंट नावाने असेल तर ती मर्यादा एका फटक्यात ओलांडली जाते. एफबार न भरलेला असेल आणि तो तपासात बाहेर आला, तर नात्यांचा साधा मुद्दा कायदा न पाळल्याचा आणि लपवल्याचा मुद्दा बनतो. म्हणून आधी कर सल्लागाराकडून जुनी विवरणं नियमित करून घ्यावीत, मग एसएफ-८६ ला हात लावावा.

मालमत्तेचं वजन तुलनेने ठरतं. भारतात ४० लाखांचा हिस्सा आणि अमेरिकेत घर व निवृत्तीची बचत मिळून ८ लाख डॉलर, तर भारतातला हिस्सा कुणाला फारसा त्रास देत नाही. उलट परिस्थितीत देतो. म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडावेत.

आईवडिलांना पाठवलेले पैसेही सांगायचे असतात, कारण परदेशी नागरिकाला कधी आर्थिक मदत केली का, असा थेट प्रश्न आहे. रक्कम, वर्षं, कारण लिहायचं. 'दिवाळीला ओवाळणी पाठवली' एवढ्याने अडत नाही, पण दरमहा औषधांसाठी किंवा घरकर्जासाठी जाणारी रक्कम लिहायलाच हवी.

ओसीआय, जुना पासपोर्ट, मतदार यादी

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नावर तसं उत्तर द्यायचं आणि ओसीआयची माहिती टिप्पणीत स्पष्ट मांडायची. अमेरिकी नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घेतलेलं असावं. फॉर्म परदेशी पासपोर्टचा क्रमांक, देण्याचं ठिकाण आणि तारखा विचारतो, म्हणून रद्द झालेल्या पासपोर्टच्या झेरॉक्स जपून ठेवा.

मतदार यादीकडे कुणी पाहत नाही. मुलाचं नाव दक्षिण-पश्चिम नागपूरच्या यादीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. परदेशी नागरिकाने भारतात मतदान करणं बेकायदेशीर आहे, आणि एसएफ-८६ दुसऱ्या देशाच्या निवडणुकीत मत दिलं का हे विचारतो. नमुना ७ भरून नाव वगळून घ्यावं. सुट्टीत आला होता म्हणून हौसेने बोटाला शाई लावून घेणं त्याला महागात पडू शकतं.

फॉर्म दिल्यानंतर

परदेशी नाती जास्त असली की अंतरिम क्लिअरन्स बहुतेकदा मिळत नाही. तो नकार नव्हे, पूर्ण तपास होईपर्यंत थांबा एवढाच त्याचा अर्थ. तपासनीस मुलाखत घेतो, फॉर्ममधल्या एकेका नातेवाइकावरून जातो. काही विसरलं असेल तर त्याने विचारण्याआधी आपणहून सांगावं. खोटी माहिती देणं हा तिथे गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शंका राहिल्यास लेखी प्रश्नावली येते. त्यानंतरही समाधान झालं नाही तर 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' येतं, त्यात एकेक आक्षेप क्रमांक देऊन लिहिलेला असतो: आई भारताची नागरिक आणि रहिवासी आहे, भाऊ अमुक खात्यात आहे, वगैरे. कंपनीत काम करणाऱ्यांना उत्तरासाठी २० दिवस मिळतात. प्रत्येक मुद्द्यापुढे मान्य किंवा अमान्य लिहायचं, कारण द्यायचं, आणि सुनावणी हवी की कागदांवरच निर्णय हवा ते सांगायचं. त्रास वाचवण्यासाठी सुनावणी टाळू नये असं आमचं ठाम मत आहे. आईवडिलांबद्दल माणूस समोर बसून बोलतो तेव्हा त्याचा प्रामाणिकपणा न्यायाधीशाला दिसतो, कागदावर फक्त आक्षेप दिसतात. निकालाविरुद्ध अपिलाची सूचना १५ दिवसांत द्यावी लागते. अंतिम नकार आला तर पुन्हा अर्ज करण्यासाठी वर्षभर थांबावं लागतं. अशा प्रकरणांचे निकाल नावं काढून प्रसिद्ध केले जातात. भारतात आईवडील असलेल्यांचे कितीतरी निकाल त्यात आहेत आणि अनेकांना क्लिअरन्स मिळालेली आहे. उत्तर लिहिण्याआधी त्यातले आपल्यासारखे दहाएक वाचावेत, कुठे घसरतं ते लगेच कळतं.

क्लिअरन्स मिळाल्यावर काम संपत नाही, देखरेख सतत सुरू राहते. नागपूरला यायचं असेल तर प्रवास आधी कळवायचा, ठरल्याप्रमाणे झाला नाही तर परतल्यावर पाच कामकाजी दिवसांत बदल कळवायचा. आजी गेल्याचा फोन आला आणि तातडीने निघावं लागलं तरी एफएसओला ईमेल करूनच विमानात बसायचं. टॉप सीक्रेट असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: परदेशी नागरिक ३० दिवसांपेक्षा जास्त एकाच घरात राहिला तर ते कळवावं लागतं. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिकडे राहिलेली आई यात येते. नवीन परदेशी खातं, नवीन जमीन, लग्न, हेही कळवायचं.

घरच्यांनी काय पाळावं

'मी अमेरिकन दूतावासातून बोलतोय, तुमच्या मुलाच्या व्हेरिफिकेशनसाठी अमुक फी भरा' असा फोन आला तर तो सरळ फसवणुकीचा समजा आणि मुलाला कळवा. वर म्हटल्याप्रमाणे यात फी नाहीच. मुलाच्या कामाबद्दल कुणी अनोळखी माणूस, ऑनलाइन ओळख झालेली व्यक्ती किंवा परिषदेचं निमंत्रण देणारा कुणी जास्त चौकशी करू लागला, तर तेही मुलाला सांगावं, कारण अशा संपर्काची माहिती देणं त्याच्यावर बंधनकारक असू शकतं. अभिमान वाटणं साहजिक आहे, पण 'आमच्या चिरंजीवांना टॉप सीक्रेट मिळालं' असं फेसबुकवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये.

आणि नागपुरातल्या धाकट्या भावाचा विचार विसरू नका. तो केंद्र सरकारच्या किंवा संरक्षण खात्याच्या नोकरीला लागत असेल तर त्याच्याही हाती साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) येतो. त्यात आईवडील, भावंडं, जोडीदार यांचं राष्ट्रीयत्व विचारतात, परदेशात शिकणाऱ्या किंवा राहणाऱ्या मुलांची माहिती वेगळी मागतात, आणि खोटी माहिती दिल्यास नोकरीस अपात्र ठरण्याचा इशारा पहिल्याच पानावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात अशा लपवाछपवीचे परिणाम सविस्तर सांगितले आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने परदेशी नागरिकाशी लग्न केल्यास १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम २१ प्रमाणे ते ताबडतोब सरकारला कळवावं लागतं. म्हणजे थोरला एसएफ-८६ मध्ये धाकट्याला लिहितो, तेव्हा धाकटा साक्षांकन नमुन्यात थोरल्याला 'अमेरिकी नागरिक' म्हणून लिहितो. दोन्ही फॉर्म भरण्याआधी दोघांनी एकदा फोनवर बसून नावांची स्पेलिंगं, तारखा, पत्ते आणि सातबाऱ्यावरचे हिस्से जुळवून घ्यावेत.